पडद्यावरचे लॅटिनो : चेहरा, भाषा आणि श्रम

१९५४ हे साल अमेरिकेतील स्पॅनिशभाषक कष्टकऱ्यांच्या इतिहासात तीन कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या एका चित्रगृहात ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. न्यू मेक्सिको राज्यातील जस्ताच्या खाणीत राबणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या कामगारांच्या संपाची ती कथा होती. जूनमध्ये अमेरिकन सरकारने ‘ऑपरेशन वेटबॅक’ ही मोहीम सुरू केली आणि मेक्सिकन मजुरांना शेतांतून, रस्त्यांवरून, वस्त्यांतून पकडून सीमेपलीकडे लोटण्यास आरंभ केला. ‘वेटबॅक’ म्हणजे ओल्या पाठीचा. नदी पोहून आलेल्या मजुराला दिली जाणारी ही शिवीच सरकारी मोहिमेचे नाव बनली. त्याच जून महिन्यात ग्वाटेमालातील हाकोबो आर्बेन्झ यांचे लोकनियुक्त सरकार अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या साहाय्याने उलथून टाकण्यात आले. आर्बेन्झ यांनी जमीन सुधारणेचा कायदा करून युनायटेड फ्रूट कंपनीच्या पडीक जमिनीला हात घातला होता, हा त्यांचा अपराध.

या तीन घटना वरवर एकमेकींपासून दूर वाटतात. वस्तुतः त्या एकाच साखळीचे दुवे आहेत. ग्वाटेमालात त्या वर्षी जे पेरले गेले, त्यातून पुढे १९६० ते १९९६ पर्यंतची यादवी उभी राहिली, असंख्य माणसे देशोधडीला लागली आणि त्यांतील अनेक उत्तरेची वाट धरून त्याच अमेरिकेच्या दाराशी येऊन उभी राहिली. दाराशी आलेल्या मजुराला कामापुरते आत घ्यावयाचे आणि काम सरले की हाकलून द्यावयाचे, ही तेथील जुनी रीत. आणि या मजुराने आपली कथा आपल्या तोंडाने पडद्यावर सांगण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चित्रगृहांची दारे त्याला बंद झाली.

अमेरिकन चित्रपटांतील लॅटिनो जीवनाचे चित्रण हा विषय आपल्याकडे बहुधा चित्रपटरसिकांचा समजला जातो. तो श्रमिक चळवळीचाही विषय आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. कारण या समाजाचे जे रूप तेथील पडद्यावर शंभर वर्षे रंगवले गेले, तेच आज रस्त्यावर माणसाला अडवण्याचे निमित्त झाले आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. ‘लॅटिनो’ हा एकजिनसी समाज नव्हे. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत या समाजाची संख्या सुमारे ६ कोटी २० लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती. त्यांत निम्म्याहून अधिक मेक्सिकन वंशाचे आहेत. त्यांच्यापैकी काहींचे पूर्वज तर अमेरिका तेथे पोहोचण्यापूर्वीपासून त्याच भूमीवर नांदत होते. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेने घेतला, तेव्हा ही माणसे जागची न हलता परक्या देशात गेली. प्युर्टो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, तरीही न्यूयॉर्कमध्ये ते ‘परदेशी’ ठरतात. क्युबातून १९५९ च्या क्रांतीनंतर आलेल्या सधन कुटुंबांचे आणि एल साल्वादोरच्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या शेतकऱ्याचे राजकारण एक असू शकत नाही. कित्येकांचा वर्ण आफ्रिकन पूर्वजांमुळे काळा आहे. माया वंशाच्या कित्येकांना स्पॅनिश हीदेखील परकी भाषा आहे. या साऱ्यांना जनगणनेच्या एका रकान्यात बसवणे सरकारला सोयीचे. चित्रपटवाल्यांना एका साच्यात बसवणे त्याहून सोयीचे.

रंगवलेला चेहरा

हा साचा मूकपटांच्या काळीच घडला. ‘ग्रीझर’, म्हणजे तेलकट माणूस, हा मेक्सिकन माणसासाठी वापरला जाणारा तुच्छतादर्शक शब्द चित्रपटांच्या शीर्षकांत उघडपणे छापला जात असे. मेक्सिकन म्हणजे दरोडेखोर, दगलबाज, स्त्रीलंपट; त्याला गोऱ्या नायकाने गोळी घालावी आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात. १९२२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांच्या चित्रपटांवर बंदी घातली, तेव्हा बाजार बुडेल या भीतीने हॉलिवूडने थोडी सारवासारव केली. पैशाच्या भाषेत सांगितलेले हॉलिवूडला त्वरित समजते, हे तेव्हापासूनचे आहे.

पुढे खलनायकाच्या जोडीला नर्तकी आली, आळशी नोकर आला, अंमली पदार्थांचा व्यापारी आला. भूमिका थोडी भारदस्त असली की ती गोऱ्या नटाकडे जाई. १९५८ च्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये मेक्सिकन अधिकाऱ्याचे काम चार्ल्टन हेस्टनने तोंडाला रंग फासून केले. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, चित्रपट कलादृष्ट्या श्रेष्ठ. तरीही रंग तो रंगच.

या रीतीचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे १९६१ चा ‘वेस्ट साइड स्टोरी’. दहा ऑस्कर पारितोषिके मिळवणाऱ्या या संगीतपटात न्यूयॉर्कमधील प्युर्टो रिकन मुलगी मारिया आणि गोरा मुलगा टोनी यांची प्रेमकथा आहे. मारियाचे काम नताली वूड हिने केले. ती रशियन स्थलांतरितांची मुलगी. तिच्या भावाचे काम करणारा जॉर्ज चकिरिस ग्रीक वंशाचा. प्रमुख पात्रांत खरी प्युर्टो रिकन अशी एकटी रीटा मोरेनो. सर्व प्युर्टो रिकन पात्रांच्या चेहऱ्यांवर एकाच गडद छटेचा रंग लावला जात असे, आणि आपल्या लोकांत नाना वर्ण असतात असे तिने सांगूनही तिच्या म्हणण्याला कोणी जुमानले नाही, ही हकीकत तिने पुढे अनेकदा कथन केली आहे.

परंतु रंगाहून गंभीर अशी एक गोष्ट या चित्रपटाच्या पार्श्वभूमीत दडलेली आहे. त्याच्या आरंभीचा काही भाग न्यूयॉर्कच्या पश्चिम भागातील ज्या मोडकळीस आलेल्या वस्तीत चित्रित झाला, ती वस्ती ‘गलिच्छ वस्ती निर्मूलना’च्या नावाखाली त्या वेळी पाडली जात होती. तेथे लिंकन सेंटर हे संगीत-नाट्याचे भव्य संकुल उभारावयाचे होते. त्यापायी सुमारे ७,००० कुटुंबे विस्थापित झाली. त्यांत कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन लोकांचा भरणा मोठा होता. म्हणजे खऱ्या प्युर्टो रिकन माणसांना घराबाहेर काढावयाचे आणि त्यांच्या रिकाम्या घरांपुढे रंगवलेल्या प्युर्टो रिकनांना नाचवावयाचे. पडद्यावर दोन टोळ्यांतील पोरांचे वैर दिसते. दोन्ही टोळ्यांच्या पायांखालची जमीन कोण विकत घेत आहे, हे मात्र दिसत नाही.

स्टीव्हन स्पीलबर्गने २०२१ मध्ये हाच चित्रपट पुन्हा काढला, तेव्हा त्याने आरंभच या पाडकामाच्या ढिगाऱ्यापासून केला, प्युर्टो रिकन भूमिकांसाठी लॅटिनो नट-नटी निवडल्या आणि त्यांच्या तोंडच्या स्पॅनिश संवादांना इंग्रजी तळटिपा दिल्या नाहीत. हा बदल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि, त्याला साठ वर्षे लागली, हेही नोंदवले पाहिजे. आणि हा दोष केवळ गोऱ्या दिग्दर्शकांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९८० साली क्युबाच्या मारिएल बंदरातून आलेल्या निर्वासितांवरील ‘द पेरेझ फॅमिली’ हा १९९५ चा चित्रपट आपल्या मीरा नायर यांनी दिग्दर्शित केला. त्यातही क्युबन स्त्रियांची प्रमुख कामे मारिसा टोमे आणि अँजेलिका ह्यूस्टन यांच्याकडेच गेली. बाजाराची रीत दिग्दर्शकाच्या वर्णाने बदलत नाही.

खाणीतले मीठ

आता ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’कडे वळू. या चित्रपटामागील घटना अशी : न्यू मेक्सिकोमध्ये एम्पायर झिंक कंपनीच्या खाणीत मेक्सिकन वंशाच्या कामगारांना गोऱ्या कामगारांहून कमी वेतन मिळे. कंपनीच्या ज्या घरांत ते राहत, तेथे नळाचे गरम पाणी नसे. गोऱ्यांच्या घरांत ते असे. ऑक्टोबर १९५० मध्ये संप सुरू झाला. आठ महिन्यांनी न्यायालयाने मनाईहुकूम काढून संपकरी कामगारांना खाणीच्या वाटेवर पिकेटिंग करण्यास बंदी केली. तेव्हा कामगारांच्या बायकांनी सुचवले, की हुकूम संघटनेच्या सभासदांना आहे, आम्ही सभासद नाही. आम्ही उभ्या राहतो. त्या उभ्या राहिल्या. अश्रुधूर सोसला, मुलाबाळांसह तुरुंगात गेल्या, आणि जानेवारी १९५२ मध्ये संप मिटेपर्यंत त्यांनी वाट सोडली नाही.

ही कथा पडद्यावर आणली ती हॉलिवूडच्या काळ्या यादीतील माणसांनी. दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन हे संसदीय समितीपुढे साक्ष नाकारल्याबद्दल कारावास भोगून आलेले. लेखक मायकेल विल्सन आणि निर्माता पॉल जॅरिको हेही यादीतलेच. आरंभी नायिकेचे काम बिबरमन यांच्या अभिनेत्री पत्नीकडे, गेल सोंडरगार्ड यांच्याकडे, जावयाचे होते. म्हणजे पुरोगाम्यांच्याही मनात जुनी सवय मुरलेली होती! परंतु त्यांना ती चूक उमगली आणि मेक्सिकोहून रोसाउरा रेव्हुएल्तास यांना पाचारण करण्यात आले. नायकाचे काम कामगार संघटनेचेच पदाधिकारी ह्वान चाकोन यांनी केले. उरलेली बहुतेक पात्रे म्हणजे खाणकामगार आणि त्यांची कुटुंबे. पटकथा या कुटुंबांना वाचून दाखवण्यात आली आणि नायकाच्या परस्त्रीसंबंधाचा जो प्रसंग लेखकाने घातला होता, तो त्यांच्या आक्षेपावरून काढून टाकला गेला. ज्यांची गोष्ट, त्यांना ती दुरुस्त करण्याचा अधिकार, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले.

या चित्रपटात दोन प्रसंग असे आहेत, की ते प्रत्येक कार्यकर्त्याने मनाशी जपून ठेवावेत. संघटनेचा गोरा संघटक फ्रँक, मनाने प्रामाणिक, कामगारांत रमलेला. रामोनच्या घरातील भिंतीवर एक तसबीर आहे. ती कोणाची, हे त्याला ओळखता येत नाही. ती मेक्सिकोचे थोर नेते बेनितो ह्वारेस यांची असते. आम्ही जॉर्ज वॉशिंग्टनला ओळखले नाही, तर तुम्ही आम्हांला अडाणी म्हणाल, अशा अर्थाचे रामोन त्याला सुनावतो. वर्गलढ्यात अस्मितेचे प्रश्न कशाला, असे विचारणाऱ्या मित्रांना या एका प्रसंगात उत्तर मिळावे. ज्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही, त्याला आपण बंधू म्हणतो खरे, पण बरोबरीचा मानत नाही.

दुसरा प्रसंग याच रामोनचा. पुरुषांच्या मागण्यांच्या यादीत स्त्रियांची गरम पाण्याची मागणी नेहमी मागे ढकलली गेलेली. स्त्रिया पिकेटिंगला गेल्यावर घर पुरुषांच्या गळ्यात पडते. लाकडे फोडून, पाणी तापवून कपडे धुण्याची पाळी रामोनवर येते, आणि मग गरम पाण्याची मागणी किती महत्त्वाची आहे याचा त्याला साक्षात्कार होतो. जो मालकाकडे मान मागतो, तोच घरात बायकोला जागा दाखवतो, ही विसंगती एस्पेरान्सा त्याच्यापुढे स्पष्ट शब्दांत मांडते. वंश, वर्ग आणि स्त्रीत्व हे तीन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे सांगणारा असा चित्रपट १९५४ सालचा आहे!

त्याचे पुढे काय झाले? चित्रीकरण चालू असतानाच रेव्हुएल्तास यांना कागदपत्रांतील त्रुटीचे कारण दाखवून अटक झाली आणि त्यांना मेक्सिकोला परतावे लागले. आरकेओ कंपनीचे मालक हॉवर्ड ह्यूझ यांनी हा चित्रपट कसकसा रोखता येईल, याचा सविस्तर सल्ला एका संसदसदस्याला पत्राने कळवला. फिल्म धुऊन देण्यास प्रयोगशाळा धजावेनात. आणि चित्रपट तयार झाल्यावर तो दाखवण्यास यंत्रचालकांच्या संघटनेने नकार दिला. देशभरात केवळ डझनभर चित्रगृहांत तो कसाबसा लागला. कामगारांचा चित्रपट कामगारांच्याच एका संघटनेने अडवला, ही गोष्ट भांडवलदारांच्या कारस्थानांइतकीच आपण स्मरणात ठेवली पाहिजे. १९९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या चित्रपटांत त्याचा समावेश केला. जिवंतपणी दार लावून घ्यावयाचे आणि नंतर पुतळा उभारावयाचा, हा प्रस्थापितांचा शिरस्ता सर्वत्र सारखाच.

हात हवेत, माणूस नको

१९४२ ते १९६४ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सरकारी कराराने मेक्सिकन शेतमजूर हंगामी कामासाठी अमेरिकेत नेले जात. अशी सुमारे ४६ लाख कंत्राटे झाली. या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. म्हणजे ब्रासेरो हा केवळ बाहूंचा धनी. त्याला तोंड, मन, कुटुंब असण्याचे कारण नाही.

ही उपमा जशीच्या तशी उचलून ग्रेगरी नावा यांनी १९८३ मध्ये ‘एल नोर्ते’ हा चित्रपट काढला. ग्वाटेमालातील माया वंशाचे बहीणभाऊ, रोसा आणि एन्रिके. श्रीमंतांच्या लेखी गरीब शेतकरी म्हणजे केवळ दोन बळकट हात, हे त्यांच्या वडिलांनी मुलाला समजावलेले असते. मजुरांना संघटित करू पाहणाऱ्या वडिलांना सैनिक ठार करतात आणि ही दोघे उत्तरेला निघतात. सीमेखालच्या गटाराच्या बोगद्यातून सरपटत जाताना उंदीर त्यांना चावतात. लॉस एंजेलिसला एन्रिके उपाहारगृहात खरकटी भांडी उचलतो. रोसा आधी शिलाईच्या कारखान्यात आणि मग एका श्रीमंत घरी मोलकरीण म्हणून काम करते. बटणांनी भरलेले धुलाईयंत्र तिला उमगत नाही, तेव्हा ती सरळ हातांनी कपडे धुऊन अंगणातल्या हिरवळीवर वाळत घालते. प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता गप्प होतात. कारण त्या घरच्या श्रीमंतीचा आणि तिच्या गावच्या दारिद्र्याचा संबंध त्यांच्या मनात हळूहळू जुळू लागतो. बोगद्यातल्या उंदरांच्या चाव्यांनी आलेल्या तापाने रोसा दगावते. शेवटी एन्रिके रोजंदारीच्या नाक्यावर उभा राहून आपले हात बळकट असल्याचे मुकादमाला ओरडून सांगतो. वडिलांनी ज्यापासून सावध केले होते, तेच मुलाला स्वतःच्या तोंडाने विकावे लागते.

त्याच १९८३ साली ‘स्कारफेस’ हा चित्रपट आला. क्युबातून आलेला निर्वासित टोनी मोंटाना, म्हणजे अल पचिनो, कोकेनच्या व्यापाराचा बादशहा बनतो आणि रक्ताच्या थारोळ्यात संपतो. मायामीतील क्युबन समाजाने विरोध केल्यामुळे चित्रीकरणाचा मोठा भाग कॅलिफोर्नियात हलवावा लागला होता. आज जगभर कोणालाही विचारा, टोनी मोंटानाचे नाव माहीत असते. रोसा आणि एन्रिके यांची नावे सांगणारा विरळा. दोन्ही चित्रपट एकाच वर्षीचे आणि दोन्ही निर्वासितांचे. ज्या चित्रपटात लॅटिनो माणूस पिस्तूल उचलतो, त्याला सारा बाजार मोकळा मिळाला. ज्यात तो खरकटी भांडी उचलतो, तो मोजक्या चित्रगृहांपुरता राहिला.

एकट्याचे यश आणि सर्वांची संघटना

लॅटिनो समाजाने स्वतः कॅमेरा हाती घेतला तो चळवळीतूनच. सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात डेलानो येथे फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला आणि काही दिवसांतच मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. त्या संपात लुईस वाल्देझ यांनी ‘एल तेआत्रो कांपेसिनो’ हे शेतमजुरांचे कलापथक उभारले. मालमोटारीच्या उघड्या हौद्याचा रंगमंच, मजूरच नट, मालक आणि संपफोडे यांची सोंगे, आणि प्रयोग मळ्याच्या कडेला. याच वाल्देझ यांनी पुढे ‘झूट सूट’ हे नाटक लिहिले आणि १९८१ मध्ये त्याचा चित्रपट केला. १९४२ साली लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या एका खुनाच्या आरोपाखाली मेक्सिकन वंशाच्या तरुणांवर सामुदायिक खटला चालला, वृत्तपत्रांनी त्यांना आधीच गुन्हेगार ठरवले, सतरा जणांना शिक्षा झाल्या आणि १९४४ मध्ये त्या रद्द ठरल्या; त्या अन्यायाची ही कथा.

परंतु चळवळीचे हे पाणी बाजाराच्या कालव्यात शिरले की त्याचा रंग बदलतो. १९८८ चा ‘स्टँड अँड डिलिव्हर’ घ्या. बोलिव्हियात जन्मलेले गणिताचे शिक्षक हाइमे एस्कलांते यांनी पूर्व लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीतील मुलांना कॅल्क्युलस शिकवले. १९८२ मध्ये त्यांचे अठरा विद्यार्थी एका अवघड परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षा मंडळाने त्यांपैकी चौदा जणांवर संशय घेतला. बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते पुन्हा उत्तीर्ण झाले. सत्य घटना आहे, एडवर्ड जेम्स ओल्मोस यांचा अभिनय उत्तम आहे, आणि गरीब मुलाच्या हुशारीवर विश्वास न ठेवणाऱ्या व्यवस्थेचे पितळ त्यात उघडे पडते. तरीही चित्रपट पाहून उठणारा प्रेक्षक असे मनात घेऊन जातो, की जिद्दी शिक्षक भेटला तर सारे काही साधते. शाळेला पैसा का नाही, वस्ती गरीब का, हे प्रश्न मागे पडतात. एकट्याचे यश दाखवणे बाजाराला परवडते, कारण त्यात न मिळालेल्या यशाचा दोष पुन्हा एकट्याच्याच माथी जातो.

याच्या उलट केन लोच या इंग्लिश दिग्दर्शकाचा २००० सालचा ‘ब्रेड अँड रोझेस’. लॉस एंजेलिसच्या उंच कचेऱ्यांत रात्री झाडलोट करणाऱ्या लॅटिनो कामगारांचा लढा हा त्याचा विषय. इमारतीचा मालक एक, काम घेणारा कंत्राटदार दुसरा. वेतनवाढ मागावी तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार. खऱ्या लढ्यात, जून १९९० मध्ये, या कामगारांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. चित्रपटात माया आणि रोसा या दोन बहिणी आहेत. माया लढ्यात उतरते. रोसा व्यवस्थापनाला बातमी देते. माया तिला जाब विचारते, तेव्हा घर चालवण्यासाठी आणि तुम्हां सर्वांना पैसे पाठवण्यासाठी आपल्याला कोणकोणत्या अवस्थेतून जावे लागले, हे रोसा सांगते. ते ऐकून तिला फितूर म्हणण्यास जीभ रेटत नाही. अखेर कामगार जिंकतात आणि मायाला देशाबाहेर घालवले जाते. विजय आणि किंमत एकाच चौकटीत दाखवण्याचे धाडस लोच यांनी केले आहे.

पात्रीसिया कार्दोसो यांच्या २००२ सालच्या ‘रिअल विमेन हॅव कर्व्हज’मध्येही हेच भान आहे. अठरा वर्षांची आना बहिणीच्या शिलाई कारखान्यात उन्हाळाभर इस्त्री फिरवते. ज्या पोषाखाचे अठरा डॉलर मिळतात, तो दुकानात सहाशेला विकला जातो, हे तिच्या ध्यानात येते. लठ्ठपणावरून आईची बोलणी खाणाऱ्या या मुलीची अस्मिता म्हणजे नुसती भाषा नव्हे, सणवार नव्हे. तिची देहप्रतिष्ठा आणि तिच्या श्रमाचे मोल यांतूनही ती घडते.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. १९७४ च्या सुमारास शेतमजुरांच्या याच नामांकित संघटनेने, संपफोडे म्हणून आणल्या गेलेल्या कागदपत्रहीन मजुरांविरुद्ध मोहीम काढून त्यांची माहिती सरकारी खात्याला पुरवली होती. मालकाने दोन गरिबांना झुंजवले आणि एकाने दुसऱ्याला पोलिसांच्या हवाली केले. चळवळीवरील गौरवपटांत हा अध्याय क्वचितच दिसतो. तो दिसला पाहिजे. कारण आपल्या चुका पडद्यावर पाहण्याची तयारी असलेली चळवळच सुधारू शकते.

पडद्यावरून रस्त्यावर

यावर कोणी म्हणेल, आता काळ बदलला. लॅटिनो नायक-नायिका दिसू लागल्या, पारितोषिके मिळू लागली. रीटा मोरेनो हिने ज्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवले, त्याच भूमिकेसाठी २०२२ मध्ये आरियाना डिबोस हिला ते मिळाले. हे खरे आहे. परंतु अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाच्या २०२१ मधील अहवालानुसार, २०१९ साली प्रसारमाध्यमांच्या उद्योगात लॅटिनो कर्मचारी सुमारे १२ टक्के होते. इतर सर्व उद्योगांत मिळून हे प्रमाण १८ टक्के होते. म्हणजे द्राक्षे तोडण्यास, फरशा पुसण्यास आणि घरे बांधण्यास चालणारा माणूस कथा सांगण्याच्या धंद्यात मात्र अजून पुरेसा शिरलेला नाही. शिवाय जे शिरले, त्यांच्यातही उतरंड आहे. २०२१ च्या ‘इन द हाइट्स’मध्ये न्यूयॉर्कच्या डोमिनिकन वस्तीचे चित्रण असूनही काळ्या वर्णाच्या लॅटिनो नटांना प्रमुख भूमिका जवळजवळ नाहीत, अशी टीका झाली आणि निर्माते लिन-मॅन्युएल मिरांडा यांना क्षमा मागावी लागली.

आणि काळ बदलला म्हणणाऱ्यांनी २०२५ सालाकडे पाहावे. जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थलांतरितांची धरपकड सुरू झाली. त्या वेळी डेव्हिड हुएर्ता या कामगार पुढाऱ्यांना ६ जून रोजी अटक झाली आणि तीन दिवसांनी ते सुटले. ज्या सफाई कामगारांच्या लढ्यावर लोच यांनी चित्रपट काढला, त्याच चळवळीत ते पुढे आले होते. केवळ वंश, स्पॅनिश भाषा वा तिची ढब, विशिष्ट ठिकाण आणि विशिष्ट काम यांवरून माणसाला अडवू नये, असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. ८ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

हे चार निकष पुन्हा एकदा वाचावेत : दिसणे, बोलणे, जागा, काम. चेहरा सावळा, जिभेवर स्पॅनिश, उभा मजूर नाक्यावर वा मोटारी धुण्याच्या ठिकाणी, हातात झाडू किंवा कुदळ. पडद्यावरच्या साच्यातील लॅटिनो ओळखण्याच्या खुणा याच होत्या. चित्रपटाने कायदा केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एखाद्या समाजाला दुरूनच संशयित म्हणून ओळखण्याची नजर एका रात्रीत तयार होत नाही. ती पिढ्यान् पिढ्या अंधाऱ्या सभागृहांत बसून शिकवली जाते. म्हणून कोणाचा चेहरा कोण रंगवतो, हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही.

हीच नजर उलटवण्याचे सामर्थ्यही त्याच माध्यमात आहे, हे न्यू मेक्सिकोच्या खाणकामगारांनी सात दशकांपूर्वी दाखवून दिले. त्यांनी आपल्या चेहऱ्याची भीक मागितली नाही; पटकथा मागवून घेतली, तीतील न पटलेला प्रसंग खोडला आणि मग स्वतः कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. आपल्या अभ्यासवर्गांत हा चित्रपट अवश्य दाखवावा. तो संपल्यावर चर्चा सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्या शेजारी बसलेल्या सोबत्याच्या घरातील भिंतीवर कोणाची तसबीर आहे, हे आपल्याला ठाऊक आहे काय?